सरासरीच्या तिप्पट

१४ जानेवारी २०१९
हॅलडीन

गेनर,

फोन करायचा नाही, असं तू बजावलं होतंस. पत्राचं काही बोलली नव्हतीस, म्हणून लिहितेय. वाचायचं नसेल तर टाकून दे. पण ॲबरडीनला आता दार उघडवत नसेल इतकी थंडी असेल, आणि घरात अडकलेलं माणूस हाताला लागेल ते वाचतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

बाबा बरे आहेत. आधी तेच सांगून टाकते, नाहीतर तेवढंच शोधत तू पानं उलटशील. जेवतात, चहा पितात, आपल्या खुर्चीत शांत बसलेले असतात. कुणाला त्रास नाही.

निमित्त असं की आज दवाखान्याच्या पेशंट-कमिटीची मीटिंग होती. दर महिन्याचा दुसरा सोमवार, दोन ते चार. मला ती वेळ बरी पडते, बाबा तेव्हा झोपलेले असतात. एरवी मी पार्किंग आणि न उचलले जाणारे फोन, या दोनच विषयांवर तोंड उघडते. पण आज नवी फार्मासिस्ट आली होती, निकोला हाइंडमार्श. आपल्या फिश-अँड-चिप्सवाल्या बेलाची नात. तुझ्या लग्नात टेबलाखाली झोपली होती ती. आता तिशीची झालीय, आणि बेलासारखीच समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलते.

तिनं प्रोजेक्टरनं भिंतीवर एक चित्र पाडलं. देशातले सगळे दवाखाने, एकेकाचा एकेक ठिपका. मन शांत ठेवायच्या गोळ्या दर हजार पेशंटांमागे कोण किती लिहून देतं, त्याचं. मधून एक रेघ, ती देशाची सरासरी. बहुतेक ठिपके त्या रेघेला मुंग्यांसारखे चिकटलेले. आणि वर, पार कोपऱ्यात, एकटाच एक.

"तो कोण गं?" एनिड ट्यूलिपनं विचारलं. आपल्या शेजारच्या घरातली एनिड. तीही आहे कमिटीवर.

"तो आपण," निकोला म्हणाली. "सरासरीच्या तिप्पट."

मग एनिडच म्हणाली, "सरासरी म्हणजे कोण? लंडनचे लोक? त्यांची खाण बंद झाली होती का? तो सरासरी माणूस आठवडाभर आमच्या गल्लीत राहायला पाठव. बघू काय काय मागतो ते."

सगळे हसले. निकोलाही हसली. मग म्हणाली, "मिसेस ट्यूलिप, या गोळ्या दोन-चार आठवड्यांपुरत्या असतात. आपल्याकडे दोनशे चौदा माणसं त्या वर्षानुवर्षं घेतायत. म्हातारपणी त्यांनी तोल जातो, हाडं मोडतात. डोकं गढूळ होतं. कधी कधी घरच्यांना वाटतं विसरण्याचा आजार वाढला, आणि खरं म्हणजे ती गोळी असते."

मी तेव्हा बिस्किटांची बशी पुढे सरकवत होते.

आपल्या जुन्या लॉकियर डॉक्टरांना कुणी नावं ठेवली नाहीत, हे बरं झालं. त्यांचा फोटो दवाखान्यात अजून तिथंच आहे, फोनशेजारी. खाणीच्या संपाच्या वर्षी आम्ही बायका संपकऱ्यांसाठी सूप ढवळून ढवळून रडकुंडीला आलो होतो, तेव्हा ऐकून घेणारा तो एकच माणूस होता. ऐकायचे आणि पिवळी गोळी लिहून द्यायचे. दुसरं काय देणार होते, खाण?

शेवटी ठरलं की त्या दोनशे चौदा जणांना पत्र पाठवायचं आणि गोळ्या कमी करत न्यायच्या. मी अनुमोदन दिलं. पत्राचा मसुदा फार कोरडा होता. मी म्हटलं, 'बंद करत आहोत' लिहू नका, माणसं घाबरतात. 'तुमच्या सोबतीनं, हळूहळू कमी करू' असं लिहा. सगळ्यांना आवडलं. निकोलानं लिहून घेतलं.

चार वाजता घरी आले तेव्हा बाबांना जसं ठेवून गेले होते, तसेच ते होते.

तुझी आई


६ फेब्रुवारी

गेनर,

तुझं काही आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

पत्र आलं ते दवाखान्याचं. 'प्रिय मिसेस रेन.' आणि खाली माझंच वाक्य. तुमच्या सोबतीनं, हळूहळू. मी त्या दोनशे चौदांतली आहे, हे मीटिंगमध्येही मला माहीत होतं. चौतीस वर्षं घेतेय, माहीत नसायला काय झालं? पण कमिटीवरच्या माणसाला आधी बाजूला घेऊन विचारतील, अशी माझी समजूत होती. आपणच खणलेल्या खड्ड्याच्या काठावर आपण उभं राहून भाषण केलं, असं झालं.

काल निकोलाकडे गेले. म्हटलं, माझ्यापुरतं थोडं थांबता येईल का?

"तीन पिवळ्या ना रोज?" ती म्हणाली. "सकाळ, दुपार, रात्र?"

"हो."

"तिन्ही घेता?"

"घेते म्हणजे? लिहून दिल्यात म्हणून घेते."

ती खुर्चीत मागे टेकली. "मग मीटिंगमध्ये इतक्या तरतरीत कशा असता हो तुम्ही? मी एक घेतली तर दुपारभर आडवी होईन."

"सवय झालीय," मी म्हटलं.

तिनं पेनचं टोपण लावलं. मग म्हणाली, "विल्फकाका कसे आहेत?"

मी म्हटलं, बरे आहेत, शांत असतात.

तिनं सगळं समजावून सांगितलं. दर पंधरवड्याला थोडी थोडी कमी. पिवळीच्या जागी आधी पांढरी, म्हणजे अर्ध्याहूनही हलकी. अचानक सोडायची नाही, धोका असतो. उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पार बंद. काही त्रास झाला, काहीही सांगावंसं वाटलं तर या म्हणाली. 'काहीही' वर जोर होता.

मला एवढ्या गोळ्या लागत नाहीत म्हणावं, तर उरलेल्या जातात कुठे, हा प्रश्न आला. लागतात म्हणावं, तर ती कमी करणारच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घरी येताना मी चर्चच्या भिंतीवर पाच मिनिटं बसले. तेवढाच वेळ होता, कारण बाबा उठायची वेळ झाली होती.

तू हे वाचून काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. म्हणू नकोस.

आई


११ मार्च

गेनर,

अक्षराला हसू नकोस. हात कापतो. सर्दी झालीय.

आज दुसरा सोमवार. मीटिंगला गेले नाही.

बाबा हल्ली दुपारचे झोपत नाहीत. तुला आठवतं ना, ते यंत्रघरात असायचे, खाणीचा पाळणा वरखाली करायचे. दिवसाला चारशे माणसं त्यांच्या हातानं खाली जायची आणि वर यायची, आणि एकालाही कधी खरचटलं नाही, याचा त्यांना केवढा अभिमान. आता न्हाणीघराच्या दाराची मूठ धरून उभे राहतात. तासच्या तास. मी म्हणते, विल्फ, चल, बस. म्हणतात, "खाली माणसं आहेत. सोडू कशी?" मी मूठ सोडवायला गेले की ढकलतात. माझ्या गालावर जे आहे ते कपाटाच्या दारानं झालंय, हे एनिडला सांगितलं तेच तुला सांगते.

पुढचं दार मी आतून कुलूप लावून ठेवते. किल्ली गळ्यात. रस्त्यावर गेले तर शोधायचं कुठे? पण कुलूप लागलं की ते एकट्यांना थोडंच लागतं? गेले बारा दिवस मी दुकानातसुद्धा गेले नाही. दूध एनिड आणते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून देते.

आज ती खिडकीतच थांबली. म्हणाली, "थेल्मा, तुझी किती कमी केली?"

"दोन पिवळ्या गेल्या. एक पिवळी आणि एक पांढरी राहिली."

"माझीही तशीच. पण मी तुझ्यासारखी थरथरत नाही. आणि तुझा विल्फ तर पूर्वी मेल्यासारखा झोपायचा, तो आता भिंती हलवतोय. तुझी गोळी कमी केल्यावर त्याची झोप कशी गं उडाली?"

मी दूध घेतलं आणि खिडकी लावली.

पाच मिनिटांनी काचेवर टकटक. तिनं पेपरमिंटची डबी पुढे केली. आत सहा पिवळ्या. "माझ्या जुन्या आहेत," ती म्हणाली. "मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. पण माझ्याकडे याहून जास्त नाहीत, समजलं?"

मी डबी घेतली. नको म्हणायला हवं होतं. पण त्या वेळी बाबा आतून ओरडत होते, आणि मला ते ओरडणं थांबायला हवं होतं, बस. चार तास घर गप्प होतं. मी जमिनीवर बसून राहिले.

तुला हे का लिहितेय ते मला कळत नाही. दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही म्हणून असेल.

आई


२३ एप्रिल

गेनर,

आता सरळ लिहिते. वळणं घेत लिहून बघितलं, ते जमलं नाही.

गोळ्या मी बाबांना देत होते. अडीच वर्षं. तीनांतली एक मी घ्यायची, दोन त्यांना. चहात कुस्करून. फेब्रुवारीपासून कमी व्हायला लागल्या तेव्हा आधी माझी सोडली, म्हणजे त्यांच्या दोन तरी राहतील. माझा हात त्यानं कापत होता. सर्दी नव्हती. गालही कपाटामुळे नव्हता.

सुरुवात कशी झाली तेही सांगते. एकदा ते सपाता घालून खाणीवर कामाला निघाले. खाण कुठंय आता, नुसतं गवत. पोलिसांनी आणून सोडलं. ते थरथरत होते, रडत होते, मला ओळखत नव्हते. मी माझी दुपारची गोळी त्यांना दिली. ते तीन तास झोपले. त्या तीन तासांत मी केस धुतले आणि खिडकीत बसून वाळवले. किती महिन्यांनी. मला वाटलं, यात वाईट ते काय? त्यांनाही शांत, मलाही शांत. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिली. मग कधी दिली आणि कधी नाही, असं राहिलंच नाही.

तू ऑगस्टात आलीस तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. त्यांच्या हनुवटीवरून लाळ गळत होती, आणि तू तुझ्या रुमालानं पुसलीस. मग तू विचारलंस, "आई, यांना काय दिलंयस?"

तुला लगेच कळलं होतं. मी काय केलं? वर्षातून दोनदा तोंड दाखवायचं आणि मला शिकवायचं, म्हणून ओरडले. तुझी बॅग मीच बाहेर ठेवली. आणि तू सरकारी समाजकल्याण खात्यात फोन केलास, तिथून मिसेस ऑर्ड आल्या, तेव्हा मी त्यांना छान चहा करून दिला आणि सांगितलं की मुलीचा घरावर डोळा आहे, बापाला म्हाताऱ्यांच्या होममध्ये घालून तिला घर हवंय. त्यांना ते पटलं. फाइल बंद झाली. मग तेच मी गल्लीत सांगितलं. एनिडला, दुकानात, चर्चमध्ये. आजही लोकांना तेच खरं वाटतं. तुझ्यावर आळ घेतला तो मीच. आळ खोटा होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आता मंगळवारचं सांगते, गेल्या मंगळवारचं.

एनिडच्या गोळ्या मार्चमध्येच संपल्या होत्या. माझ्या होत होत दोन पांढऱ्या उरल्या. वाईट आठवडे गेले, ते लिहीत नाही. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ते जरा निवळले. मूठ धरून उभे राहायचे, पण बस म्हटलं की बसायचे. मंगळवारी दुपारी मी त्यांच्यापुढे उकडलेलं अंडं ठेवलं. ते मीच सोलून, कापून, भरवत असते. त्या दिवशी त्यांनी स्वतः उचललं, टेबलावर टिचकवलं, सोललं. टरफलं बशीच्या कडेला ओळीनं ठेवली, पूर्वी ठेवायचे तशी. मग म्हणाले, "थेल्मा, मीठ कुठंय?"

अडीच वर्षांत माझं नाव घेतलं नव्हतं त्यांनी.

मी मीठ दिलं. ते खात राहिले. मग म्हणाले, "गेनर बऱ्याच दिवसांत आली नाही. भांडलीस का तिच्याशी?"

मी म्हटलं, "हो."

"मग तूच लिही. ती तुझ्यावर गेलीय. ती नाही आधी लिहायची."

एवढं बोलून त्यांनी अंडं संपवलं, खिडकीबाहेर बघून एनिडच्या कुंपणाला रंग हवा म्हणाले. खरंच हवाय. अर्ध्या तासानं पुन्हा खाणीवर निघायची घाई सुरू झाली. पण तो अर्धा तास होता, गेनर. मी त्यांच्यासमोर बसले होते आणि मला निकोलाचं जानेवारीतलं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं. आजार आहेच त्यांना, तो मी आणला नाही. पण त्याच्यावर मी किती जाड पांघरूण घातलं ते मला कधी कळणार नाही. असे किती अर्धे तास झाले असते? तुझ्या वाट्याचे किती?

बुधवारी त्यांना कोट घातला, हात धरला आणि दवाखान्यात नेलं. निकोलाला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं आधी विचारलं, "तुम्ही स्वतःची कधी सोडलीत? अचानक? अहो, फिट आली असती." मग म्हणाली, "मिसेस रेन, हे मला वर कळवावं लागेल. माझ्या मनात असो नसो."

मी म्हटलं, "कळव. मी कमिटीवर आहे, मला नियम ठाऊक आहेत."

तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. बाबा तिला म्हणाले, "तू बेलाची ना? मासळी ताजी ठेव म्हणावं तिला."

आता मिसेस ऑर्ड पुन्हा येणार आहेत. तू फोनवर सांगितलंस ते खरं होतं, हे यावेळी मी त्यांना पहिल्या वाक्यात सांगेन. तुला माफ कर म्हणत नाही. ते मागायचं तोंड नाही. पण बाबांनी लिही म्हटलं, म्हणून लिहिलं.

आई


११ जून

गेनर,

काय झालं ते कळवते.

मिसेस ऑर्ड तीनदा आल्या. पहिल्या खेपेला पोलीस असतील असं धरून मी चांगला ब्लाउज घालून बसले होते. पोलीस नव्हते. त्यांनी जुनी फाइल आणली होती. मी तुझ्याबद्दल बोललेलं त्यात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. त्यांनी ते मला वाचून दाखवलं, सगळं. मग विचारलं, "यातलं काय खोटं?" मी म्हटलं, "मुलीबद्दलचं सगळं." त्यांनी माझ्यासमोर तसं लिहिलं आणि मला सही करायला लावली. मी केली.

कोर्ट-कचेरी होणार नाही. पण बाबांची औषधं आता माझ्या हातात नाहीत. दिवसातून दोनदा एक बाई येते, ती पेटी उघडते, ती देते. गोळी आता त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे आणि डॉक्टरांनी ती पावपर्यंत आणलीय. आठवड्यातून तीन दिवस बस येऊन त्यांना वृद्धांच्या दिवसभराच्या केंद्रात नेते. त्या दिवशी घरात मी एकटी असते. दार उघडं असतं, कुठेही जाता येतं, आणि मी जात नाही. कुठे जायचं ते सुचत नाही. संध्याकाळी बसचा आवाज येईपर्यंत खुर्चीत बसून असते.

होमचा विषय निघालाय. मिसेस ऑर्ड म्हणतात हिवाळ्यापर्यंत बघू. पूर्वी मी हा शब्द ऐकून दार आपटलं असतं. आता ऐकून घेते.

गल्लीत मी घरोघर गेले. तुझ्याबद्दल जे पसरवलं होतं ते खोटं, असं सांगायला. एनिड म्हणाली, "मला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू माझी शेजारीण आहेस गं बाई. गेनर ॲबरडीनला असते. मला रोज कुणाचं तोंड बघायचं होतं?"

तिला दोष द्यायला माझ्याकडे जागा नाही.

काल मीटिंग होती. निकोलानं पुन्हा ते चित्र पाडलं. आमचा ठिपका खाली आलाय. रेघेपर्यंत नाही, पण तिपटीवरून दुपटीवर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोनशे चौदांतले साठ जण पार सुटलेत, असं ती म्हणाली. साठांत मीही असणार.

मी उभी राहिले. पार्किंगबद्दल बोलणार असं सगळ्यांना वाटलं. मी म्हटलं, "माझ्या नावावरच्या गोळ्या माझ्या नवऱ्याच्या पोटात जात होत्या. तुमच्या हजारांमागच्या हिशेबात तो कुठेच नव्हता. उरलेल्या माणसांना नुसतं 'किती घेता' विचारू नका. घरी जा. घरात आणखी कोण आहे ते बघा. आणि दुपारी जा, कळवल्याशिवाय."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण छताकडे बघत होता. मागच्या रांगेत एक बाई, तिचं नाव लिहीत नाही, तिची आई तिच्याकडे असते, ती पर्स उचलून बाहेर गेली. निकोला तिच्या मागे गेली.

कमिटी सोडतेय म्हणून चिठ्ठी आणली होती. ती तशीच परत आणली. निकोला म्हणाली पुढच्या महिन्यात ते घरी जाण्याचं ठरवायचंय, तुम्ही या. बघेन.

आणि आज सकाळी तुझं पत्र आलं. पाकिटावर फक्त 'विल्फ्रेड रेन'. मी उघडलं, कारण त्यांना आता अक्षर लागत नाही. मी ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात माझ्यासाठी एक ओळ नव्हती, आणि असावी असं मी म्हणत नाही. शेवटी माझ्याबद्दल जी होती तीही मी वाचली, जशी होती तशी: 'शनिवार बावीसला येते. आई तेव्हा घरात नसेल तर बरं.'

बाबा म्हणाले, "कोण येतंय?"

मी म्हटलं, "गेनर."

"मग केक आण," म्हणाले.

आई


२१ जून, शुक्रवार

गेनर,

हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवतेय. माझ्यासाठी म्हणून नाही, तुला उपयोगी पडेल म्हणून वाच.

औषधाची बाई बाराला येऊन जाईल आणि मग पाचाला. तिच्यासमोर पेटी बघायची असेल तर बघ, ती दाखवेल. तिचं नाव शॅरन.

दुपारी एक ते तीन बाबा जास्त चांगले असतात. चहा कपात अर्धाच ओत. जिन्याकडे निघाले तर अडवू नकोस, सोबत जा, वर जाऊन आपणच खाली येतात. ते तुला थेल्मा म्हणतील, किंवा त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारतील. दुरुस्त केलं की गोंधळतात. पण मधेच एकदम बरोबर नावानंही हाक मारतील, आणि ते केव्हा, हे सांगता येत नाही. तेव्हा तुला जे सांगायचं असेल ते तयार ठेव.

केक सिमोन्सच्या दुकानातला आहे, कॉफीचा. त्यांना दोन तुकडे चालतात.

तुझ्या खोलीतली चादर धुतलेली आहे. राहा म्हणत नाही, पाठ टेकावीशी वाटली तर.

मी समुद्रावर जाणाऱ्या बसनं जाईन आणि सहाच्या बसनं येईन. त्याआधी नाही. पाऊस आला तरी नाही.

ते माझ्याबद्दल विचारतील. दुकानात गेलीय म्हणून सांग. पाच मिनिटांनी पुन्हा विचारतील, पुन्हा तेच सांग. खूपदा विचारतील. तुला माझं नाव इतक्या वेळा ऐकावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

आई